चार्जर कंपनीचाच होता

कुरुद, भिलाई
३ डिसेंबर २०२३

पीयूष,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचा रिवाज हाये. तो पुढच्या पत्रात लिहीन, तुझं उत्तर पाहून.

मोठ्या बाबानं फोन कावून नाई केला, असं तुले वाटन. माझ्या घरात आता फोन नाई. नीतूच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी माझा अन् तुझ्या मोठ्या आईचा, दोन्ही फोन कबाडीवाल्याच्या ठेल्यावर नेऊन टाकले. ज्या वस्तूनं माझी एकतीस वर्षांची पोरगी भर दुपारी गादीवर जाळली, तिले मी उशाशी ठेवीन का? म्हणून पेन काढला. तूही कागदावरच लिहिजो.

आता गोठ ऐक. काल तुझी माय आली होती. वंदनाले वाटलं जेठाचं मन रमन, म्हणून पेपरातला तुझा लेख कापून घेऊन आली. "ऑर्बेल: भरवशाचं दुसरं नाव." वा रे वा! वरती तुझा फोटो, दाढी कोरलेली. मी तारीख पायली. सत्तावीस ऑक्टोबर. नीतू गेली अठराले. इकडे आमी दहाव्याचं सामान आणून राहिलो होतो अन् तिकडे तू ऑर्बेलच्या नव्या फोनची आरती ओवाळून राहिला होता. पंधरा मिनिटांत बॅटरी भरते म्हणे. हाव, भरते. मंग फुटते, तेही लिहायचं होतं ना!

तिनं तो फोन कोणाच्या भरवशावर घेतला, बोल? अंकुर दुसऱ्या कंपनीचा आणून देत होता. ही म्हणे, नाई, दादानं लिहिला तोच पाहिजे. हिंदी शाळेत शिकलेली पोट्टी, तुझ्यासाठी मराठी पेपर अक्षर अक्षर जोडून वाचे.

कंपनीचे दोन पोट्टे आले होते, टाय लावून. दुःख झालं वगैरे काही नाई, पह्यलाच सवाल, "चार्जर ओरिजिनल था क्या?" मी म्हटलं, कंपनीचाच होता, डब्यातून निघाला तवा मी हजर होतो. लिहून घेतलं अन् गेले, ते गेलेच.

अन् तिच्या सासरी जामुलात काय चालू हाये ते ऐक. अंकुरची माय सुशीला सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरते का नीतू फोन चार्जिंगले लावून कोणासंग तरी बोलत पडली होती, म्हणून जळली. "कोणासंग" म्हणताना डोळा मिचकावते. मेलेल्या पोरीवर! भूमिकाले आमच्याकडे येऊ देत नाई. सहा वर्षांच्या पोट्टीले म्हणते, तिकडे गेली तर मायसारखी होशील. अंकुर खाली मुंडी घालून बसते.

मी प्लांटात छत्तीस वर्षं मोटर वाइंडिंग केली. आमच्या शॉपमधून मोटर निघाली का तिले पत्र्याचा टॅग बांधत, त्यावर वाइंडिंग करणाऱ्याचं नाव. मोटर जळली का पह्यले टॅग पाहत. ज्याचं नाव असन त्याले सगळ्यांसमोर उभं करत. माझ्या टॅगची एक मोटर वापस नाई आली. मले आता ऑर्बेलचा टॅग पाहिजे. तुझ्या पेपरात छाप का या कंपनीनं माझी पोरगी मारली. तो कागद मी सुशीलेच्या दारावर चिकटवतो, मंग पाहू भूमिकाले कोण अडवते.

तुझा मोठा बाबा
तेजराम


पुणे
१४ डिसेंबर २०२३

मोठे बाबा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही जे बोललात ते सगळं मान्य आहे. लेख आधीच लिहून दिलेला होता, छापायची तारीख माझ्या हातात नव्हती, हे खरं असलं तरी सांगायला लाज वाटते. थांबवता आला असता. मी थांबवला नाही.

नीतू गेल्यापासून माझं कामात लक्ष नाही. राखीच्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला होता, ते शेवटचं. पाच मिनिटं बोललो असू. काय बोललो तेही आता नीट आठवत नाही, मी घाईत होतो.

पेपरात छापायचं तर पुरावा लागेल. जळालेला फोन आणि चार्जर अंकुरकडे असेल तर कंपनीला देऊ नका. मला पाठवा. इथे माझ्या ओळखीचा एक इंजिनिअर आहे, त्याला दाखवतो. त्याने लिहून दिलं की संपादक सुमेधा मॅडमना घेऊन बसतो. त्या कुणाला घाबरत नाहीत.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुम्ही मला क्वार्टरच्या मागच्या पडवीत बसवून सोल्डरिंग शिकवलंत, त्याच्यावर मी आज चार शब्द लिहून जगतो. तुमचं काम मी करणार नाही तर कोण करणार?

मोठ्या आईला नमस्कार.

पीयूष


कुरुद
२ जानेवारी २०२४

चि. पीयूष यास अनेक आशीर्वाद. कबूल केलं होतं, लिहिलं.

बिस्किटाच्या डब्यात सामान पाठवून राहिलो. अंकुरनं पिशवीत भरून देलं, मी तसंच डब्यात ओतलं. त्या वस्तूले मी डोळा लावत नाई. फोनचा तर कोळसा झाला, अंकुर सांगे. चार्जरचा प्लग अन् थोडी वायर बचली हाये. डबा सांभाळून उघडजो, राख हाये त्यात. ती फक्त गादीचीच असन असं नाई.

तुझ्या मोठ्या आईनं पोस्टात जायच्या पह्यले डब्याले हळद-कुंकू लावलं. मी रागावलो. मंग डबा तसाच पोस्टात नेला.

जामुलले संक्रांतीचं वाण घेऊन जायची होती ती. मी नको म्हटलं. मागच्या खेपेले सुशीलेनं फाटकातच उभं ठेवलं अन् विचारलं, "तुमची पोरगी कोणाले फोन करे, मायले तर मालूम असन ना?" तिथं भूमिका होती, खिडकीत. तिनं आजीले हात हलवला अन् कोणीतरी मांगून पडदा ओढला.

लोक पोरीले माहेरून पापड-लोणचं देतात. माझी पोरगी माहेरून दुरुस्त सामान घेऊन जाये. सासरचा पंखा, इस्त्री, मिक्सर, जे बिघडन ते झोऱ्यात भरून जामुलच्या बसनं येये. "बाबा, पाहून द्या." मी पाहून देओ. आता मोहल्ल्यातल्या बाया पंखे घेऊन येतात तर करून देतो, पण हात लागत नाई पह्यल्यासारखा.

डबा मिळाला का लगेच लिही. पेपर कदी छापतं तेही लिही. सुशीलेच्या दारावर चिकटवायले मी गोंद आणून ठेवला हाये.

तेजराम


पुणे
१९ जानेवारी २०२४

मोठे बाबा,

डबा मिळाला. उत्तराला उशीर झाला, क्षमा करा.

इंजिनिअरला दाखवलं. तो म्हणतो, एवढं जळालंय की नक्की काही सांगता येत नाही. ऑर्बेलने परवा एक निवेदन काढलंय, देशभरात अशा चार घटना घडल्या आणि चारही ठिकाणी ग्राहकाने मूळ चार्जर वापरला नसावा, असं त्यांचं म्हणणं आहे. ही मोठी कंपनी आहे. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. आपण काही लिहिलं तर ते तुम्हाला बोलावतील, शंभर प्रश्न विचारतील, नीतूचं नाव पुन्हा पुन्हा निघेल. सुमेधा मॅडमचंही हेच मत आहे.

मला वाटतं, आता हे सोडून द्यावं. भूमिकासाठी मी अंकुरशी बोलतो, तो वाईट माणूस नाही. सुशीलाबाईंचं तोंड आज ना उद्या थकेल.

डबा माझ्याकडेच राहू द्या. तुमच्या डोळ्यासमोर नको.

मोठ्या आईची तब्येत कशी आहे?

पीयूष


कुरुद
३० जानेवारी २०२४

पीयूष,

यावेळेस आशीर्वाद नाई.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मंग तुझा तो लेख काढला अन् भिंग घेऊन बसलो. लेखाच्या सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलं हाये? "लेखक कंपनीच्या निमंत्रणावरून बेंगळुरू येथील कार्यक्रमास उपस्थित होते." अस्सं! विमानात बसवलं, पंचतारेत निजवलं, जेवू-खाऊ घातलं, जाताना हातात एक नवा फोन देला असन. मंग भरवशाचं दुसरं नाव नाई लिहीन तर काय लिहीन बापडा!

अन् मले म्हणतं सोडून द्या. मी काय बाजारातली भाजी सोडून देऊन राहिलो का बे? "मूळ चार्जर वापरला नसावा." हे त्याहीचं वाक्य तू मले लिहून पाठवतं? मले? मी म्हणून राहिलो, चार्जर कंपनीचाच होता, माझ्या डोळ्यादेखत डब्यातून निघाला. म्हणजे मी खोटा, अन् टायवाले खरे. भैताडा, तुले अक्षर मी शिकवलं. तुझा बाप गेला तवा तुझी माय भिंतीले डोकं लावून बसली होती, तुले दोन वेळ जेवू घालून शाळेत कोण पाठवत होतं? नीतूच्या ताटातली अर्धी पोळी तुझ्या ताटात जाये. त्या पोळीले जागायचं होतं रे, निदान एका लेखापुरतं.

मी काय काय केलं ते सांगून ठेवतो, मांगून म्हणशील मोठ्या बाबानं पाठीत वार केला. तुझ्या सुमेधा मॅडमले रजिस्टर पत्र टाकलं. तू कंपनीच्या खर्चानं फिरतं, फोन घेतं अन् स्वतःच्या जळालेल्या बहिणीचा पुरावा दाबून ठेवतं, सगळं नावानिशी लिहिलं. रविवारी समाजाची बैठक होती, तिथं तुझा लेख उभा राहून वाचून दाखवला. वंदना मांगच्या लाइनीत बसली होती. लोक वळून वळून तिच्याकडे पाहून राहिले होते. मधातच उठून गेली. जाऊ दे. असं पोरगं जन्माले घातलं तर तेवढं सोसनं भाग हाये.

डबा वापस पाठव. मी दुसरा माणूस पाहतो.

तेजराम


पुणे
१४ फेब्रुवारी २०२४

मोठे बाबा,

तुमचं पत्र सुमेधा मॅडमना पोचलं. त्यांनी माझ्यासमोर वाचलं. बेंगळुरूला गेलो होतो हे खरं, फोन मिळाला हे खरं, ते त्यांना आधी सांगितलं नव्हतं हेही खरं. माझं सदर बंद झालं. सात वर्षं दर शुक्रवारी लिहीत होतो. या शुक्रवारी त्या जागी पाककृती छापून आली.

तक्रार करत नाही. मी चुकलोच होतो.

पण आईला त्यात ओढायला नको होतं. ती आता भाजी आणायलाही निघत नाही, शेजारणीकडून मागवते. तिने तुमच्यासमोर कधी मान वर केली नाही.

मोठे बाबा, मी तुमच्या पाया पडून सांगतो, मला काय वाटेल ते बोला, पण डब्याचा नाद सोडा. दुसऱ्या माणसाला दाखवू नका. का, ते विचारू नका. माझ्यावर एवढा एकदा विश्वास ठेवा.

आणि एक मागणं आहे. नीतूने एक वही केली होती, माझे लेख कापून चिकटवलेली. तिने मला दाखवली होती, तुमच्याकडच्या ट्रंकेत असेल. तेवढी मला द्याल का? बाकी काही नको.

पीयूष


कुरुद
१ मार्च २०२४

पीयूष,

वही सापडली. ट्रंकेत साड्यांच्या खाली होती. निळ्या पुठ्ठ्याची, वरती लिहिलं होतं, "मेरे पीयूष दादा के लेख". एकशे सहा लेख. काहींच्या बाजूले पेन्सिलीनं कठीण शब्दाचे अर्थ लिहिले होते. एका ठिकाणी तुझ्या फोटोले टिकली लावली होती, भूमिकानं लावली असन.

मी अंगणात शेगडी पेटवली अन् एक एक पान फाडून टाकलं. घाई नाई केली. तुझी मोठी आई दाराशी उभी होती, मले हात जोडून राहिली होती, ठेवा म्हणे, पोरीच्या हातचं हाये. मी म्हटलं, पोरगी जशी गेली तशी वहीही जाईन. पुठ्ठा जळायले वेळ लागला. तुले कळवायचं होतं म्हणून कळवून राहिलो.

तू म्हणतं, का ते विचारू नका. मी "का" विचारतच नाई. मी छत्तीस वर्षं एकच गोष्ट विचारत आलो, टॅगवर नाव कोणाचं हाये. तुले मालूम हाये. त्या इंजिनिअरनं तुले सांगतलं अन् तू कंपनीसाठी गिळून बसला. तुझ्या तोंडात त्याहीनं हाडूक देलं हाये, म्हणून भुंकत नाई.

परवा जामुलले गेलो होतो. भूमिकाचा वाढदिवस होता. फाटकापाशी उभा राहून हाक मारली. सुशीला बाहेर आली अन् म्हणे, "पेपरात छापून आणणार होते ना? कुठं हाये पेपर?" चार बाया हासल्या. फ्रॉक घेऊन वापस आलो.

हे तुझ्यामुळे. माणूस असशील, मायच्या पदरामागे लपणारा भेकड नसशील, तर मले एका ओळीत लिहून पाठव. माझ्या नीतूले कोणानं मारलं? नाव लिही. नाई लिहलं तर होळीच्या दिवशी मी वंदनाच्या दारासमोर तुझा पुतळा जाळीन, अन् तिले उभं करून दाखवीन.

तेजराम


पुणे
११ मार्च २०२४

मोठे बाबा,

आजवर पुण्याच्या मराठीत लिहिलं. आज घरच्या बोलीत लिहितो, म्हणजे एकही अक्षर चुकीचं समजणार नाई.

डबा वापस पाठवून राहिलो. चष्मा लावा. प्लगापासून वीतभर वायर बचली हाये, तिच्यावर पिवळी स्लीव्ह, म्हणजे नळी, हाये. ती मी ब्लेडनं चिरून ठेवली. आतमध्ये पाहा. तारेवर सुती दोरा गुंडाळलेला हाये. मोजा. सात वेढे, शेवटचा वेढा आतून काढून गाठ, वरून वार्निश. ऑर्बेल कंपनी दोरा बांधते का? मोटर वाइंडिंगचा जोड चार्जरच्या वायरीले कोण मारते? अख्ख्या भिलाईत मले एकच माणूस माहीत हाये. त्यानंच मले पडवीत बसवून शिकवला. सहा वेढे झाले तर टपली मारे, म्हणे, सातवा कोण तुझा बाप मारन?

चार्जर कंपनीचाच होता. बरोबर हाये तुमचं. तुमी खोटं नाई बोलले. तुमच्या लेखी दुरुस्त केलेली वस्तू ओरिजिनलच असते. मे महिन्यात नीतू भूमिकाले घेऊन माहेरी आली, वायर तुटली होती, झोऱ्यातून पंख्यासंग निघाली असन. तुमी पाहून देली. तुमाले आठवतही नसन, दिवसातून अशा चार वस्तू पाहून देता.

मोटरीची तार जाड असते, मोठे बाबा. या वायरीत चार तारा असतात. दोन जाड, दोन केसासारख्या. इंजिनिअर म्हणाला, या कंपनीच्या झटपट भरणाऱ्या चार्जरात त्या बारीक तारांचं कामच हे असते, का बॅटरी भरली, तापली, आता थांब, असं सांगायचं. तुमी जाड दोन तारा मस्त जोडल्या. बारीक दोन कापून टाकल्या. थांब म्हणणारं कोणी राहिलं नाई. पाच महिने तो फोन रोज थोडा थोडा फुगत गेला, अन् अठरा तारखेले ती त्याच्या बाजूले निजली होती. कोणासंग बोलत नव्हती. निजली होती.

डबा उघडला तवाच मले समजलं. ठरवलं होतं, मरेपर्यंत सांगणार नाई. सदर गेलं, सोसलं. मायले बैठकीतून उठावं लागलं, तेही सोसलं. पण ती वही तुमी एक एक पान करून जाळली, घाई नाई केली, अन् मले कळवलंही. म्हणून मीही घाई न करता लिहून राहिलो.

टॅगवर तुमचं नाव हाये.

गोंद आणून ठेवला होता ना? आता हा कागद चिकटवा सुशीलेच्या दारावर.

पीयूष


कुरुद
३० मार्च २०२४

चि. पीयूषले मोठ्या आईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकली. पत्र लिहून किती वर्षं झाली, मलेच आठवत नाई. तीन दिवस झाले लिहून राहिली. यायले, तुझ्या मोठ्या बाबाले, सांगतलं नाई.

तुझं पत्र अन् डबा आला तवा मी अंगणात उडदाच्या बड्या घालत होती. यायनं पत्र उभ्यानं वाचलं. मंग खाटेवर बसून डबा उघडला. चष्मा लावला, दोरा मोजला. दोनदा मोजला. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, "शकू, गाठ माझीच हाये." जेवले नाई. मी रडली तर माझ्याकडे पायलंही नाई.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घातला अन् जामुलच्या बसनं गेले. मी मांगं मांगं गेली. फाटकात उभे राहून यायनं सगळ्याले हाका मारल्या, सुशीलेले, अंकुरले, आजूबाजूच्या बायाले. म्हणाले, "तुमची सून फोनवर बोलत नव्हती. झोपली होती. तिची काही चूक नाई. चार्जर मी जोडला होता. मी मारलं तिले." अन् डबा पायरीवर ठेवला. सुशीलेनं तोंडाले पदर लावला, मंग म्हणे, "आता तर पोट्टीले बिल्कुल नाई पाठवणार, अशा माणसाच्या घरी." भूमिका खिडकीत होती. तिनं विचारलं, "आजोबा, मम्मीले तुमी जाळलं?" हे म्हणाले, "हाव." मी तोंड दाबायले धावली, पण बोलून चुकले होते.

त्या दिवसापासून अवजाराले हात लावत नाई. सोल्डरिंगची पेटी कबाड्याले देऊन टाकली. कोणी पंखा घेऊन आलं तर म्हणतात, मले येत नाई.

अन् तुझं नाव घेतात, सकाळ-संध्याकाळ. म्हणतात, पोट्ट्यानं तीन महिने माझ्या शिव्या खाल्ल्या, रोजी घालवली, पण मले वाचवत राहिला. असा पोरगा या घरात झाला अन् मी त्याले कुत्रा म्हटलं. होळीच्या दिवशी वंदनाच्या घरी गेले अन् जेठ असून तिच्या पाया पडले. ती बिचारी लाजून आतमध्ये पळाली. आता तुझ्या पाया पडायले येऊन राहिले. सात तारखेचं आझाद हिंदचं तिकीट काढलं हाये दुर्गहून. सोमवारी पुण्याले पोचतीन. मी लय समजावलं, ऐकत नाई.

आता माझी गोठ ऐक.

राखीच्या दिवशी नीतू इथं होती. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याले फोन टेकवून तुले लावला होता. हे वऱ्हांड्यात पेपर वाचत बसले होते. मी भजे काढत होती, मले सगळं ऐकू येत होतं. तुझी राखी पोचली का विचारलं. मंग तिनं चार्जर उचलून तुले दाखवला. म्हणे, "दादा, हा लय गरम होते रे. बाबानं जोडून देला हाये. नवा घेऊ का? पण बाबाले वाईट वाटन." तू हासला. म्हणाला, "मोठ्या बाबाची गाठ हाये पगली, प्लांट बंद पडन पण ती गाठ नाई सुटन. अन् फोन ऑर्बेलचा हाये, काही होत नाई त्याले. बिनधास्त वापर." मंग तुले कोणीतरी हाक मारली अन् तू फोन ठेवला.

त्याच आठवड्यात अंकुर नवा चार्जर घेऊन आला होता. नीतूनं वापस करायले लावला. म्हणे, दादानं सांगतलं हाये, हाच चांगला हाये. दादाले यातलं सगळं समजते.

तू लिहतं, डबा उघडला तवाच समजलं. डबा तर जानेवारीत उघडला तू. राखी ऑगस्टात झाली. पह्यल्या पत्रात लिहलं का काय बोललो आठवत नाई. मले तर भजे किती होते तेही आठवते. डबा वापस पाठव म्हटलं तर पाठवत नव्हता, दुसऱ्याले दाखवू नका म्हणत होता. तू यायले वाचवत होता का स्वतःले, ते तुलेच मालूम.

मी यायले हे काही सांगतलं नाई. सांगू का नाई, रोज विचार करते. सांगतलं तर यायच्या जिवाले थोडं हलकं होईन असं वाटते. मंग वाटते, आता या घरात तू एकच चांगला माणूस उरला हाये यायच्या मनात, तोही हिसकावू का?

तर मी तुझ्यावर सोडलं. यायनं तुले नाव मागतलं होतं. तू एकच लिहून पाठवलं. सोमवारी तुझ्या दारात येतीन, वयानं वाकलेले हाये, अजून वाकतीन. गुडघ्याचा त्रास हाये, एकदा खाली बसले का आधाराबिगर उठता येत नाई. हात देऊन उठवजो.

मोठी आई
शकुबाई